पिल्लू घरी एकटं राहत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपण दार ओढून बाहेर पडलो की पिल्लू रडतं, दार ओरबाडतं, घरात शू करतं आणि शेजाऱ्यांचे फोन येतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दोघंही नोकरी करणाऱ्या घरांतून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. इथली उत्तरं साधारण तीन महिने ते दीड वर्षाच्या कुत्र्यांसाठी आहेत, मग ते लॅब्राडोर असो, बीगल असो की पार्किंगमधून उचलून आणलेलं आपलं गावठी पिल्लू. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पिल्लू जेवढा वेळ न घाबरता एकटं राहू शकतं, तेवढाच वेळ त्याला एकटं ठेवायचं, आणि तो वेळ हळूहळू वाढवत न्यायचा.

ते खरंच घाबरतंय की नुसता दंगा करतंय, हे कसं ओळखायचं?

अंदाज बांधू नका, बघा. जुना मोबाइल शोकेसवर उभा करा, त्यावरून स्वतःच्या फोनला व्हिडिओ कॉल लावा आणि बाहेर पडा. पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक सगळं कळतं.

कंटाळलेलं पिल्लू आधी थोडं फिरतं, खिडकीशी जातं, कधी झोपूनही घेतं. मग उठून सोफ्याची उशी फाडतं, चप्पल कुरतडतं, पुन्हा झोपतं. त्याचं शरीर सैल असतं. घाबरलेल्या पिल्लाचं वेगळं दिसतं. दार बंद झाल्या झाल्या ते दाराशी उभं राहतं, कान मागे जातात. मग दार ते बाल्कनी, बाल्कनी ते दार अशा फेऱ्या सुरू होतात. पंखा चालू असूनही जीभ बाहेर काढून धापा टाकतं, लाळ गळते, छातीवरचे केस ओले होतात. ठेवलेल्या खाऊला तोंडही लावत नाही. नासधूस असते ती मुख्यतः दाराची चौकट, उंबरठा, खिडकीची जाळी इथे, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेवर. रडणं एका सुरात, न थांबता चालतं.

आणखी काही गोष्टी यात मिसळतात, त्या आधी वेगळ्या काढा. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे येत असतात. ते तुमच्यासमोरही चावतच असतं. लघवीच्या जागी संसर्ग झाला असेल तर तुम्ही घरात असतानाही वरचेवर शू होते. लिफ्टचं दार वाजलं की भुंकायचं आणि पुन्हा गप्प व्हायचं, ही राखण झाली. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

घरी आल्यावर ते कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसतं. म्हणजे आपण चूक केली हे त्याला कळतं ना?

नाही. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमका हाच प्रश्न तपासला. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, याबद्दल मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं गेलं. तो 'अपराधी' चेहरा मालक रागावले की जास्त दिसला, मग कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. कुत्रं तुमचा आवाज, तुमची चाल, कपाळावरची आठी वाचतं आणि तुम्हाला शांत करायला बघतं.

म्हणून संध्याकाळी येऊन ओरडण्याने दुपारच्या फाडलेल्या गादीबद्दल त्याला काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच की तुम्ही परत येणं हीसुद्धा भीतीची गोष्ट आहे. मग दुसऱ्या दिवशी ते दुप्पट घाबरलेलं असतं. कृपा करून मारू नका, नाक त्या शूमध्ये घासू नका. पुसून घ्या आणि व्हिडिओ बघा.

आमच्या लाडामुळे झालं का हे?

सासूबाई, शेजारीण, वॉचमन, सगळे हेच म्हणतात. पलंगावर झोपू देणं, मांडीवर घेणं, आपल्या ताटाशी बसू देणं यातून हा त्रास उभा राहत नाही.

खरी कारणं बहुतेक वेळा तुमच्या घरात येण्याआधी सुरू झालेली असतात. पिल्लू फार लवकर आईपासून तोडलेलं असतं. आपल्याकडे २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास हाती दिली जातात. 'लहान असताना नेलं की माया लागते' असं वर सांगतात, याचा मला मनापासून राग येतो. आई आणि भावंडांसोबतचे ते आठवडे पिल्लाला धीर शिकवतात, आणि ते आठवडे नंतर भरून देता येत नाहीत. काही पिल्लं स्वभावानेच भित्री असतात. काहींनी एकटेपण कधी पाहिलेलंच नसतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी आलेल्या कितीतरी पिल्लांना माणसांनी भरलेलं घर हेच जग वाटायचं, आणि ऑफिसं उघडल्यावर एका सोमवारी ते घर रिकामं झालं. बाळंतपणाची रजा संपणं, घर बदलणं, मुलगी हॉस्टेलला जाणं किंवा एकटं असताना इमारतीखाली फटाक्यांची माळ लागणं, यांतलं कुठलंही एक पुरतं.

'रडू दे, दोन-चार दिवसांत सवय होईल' असं म्हणतात. ते बरोबर आहे का?

माझं उत्तर ठामपणे 'नाही' असंच आहे. गावाकडे पोहायला शिकवताना पोराला विहिरीत ढकलतात हे खरं, पण पाण्यात काका असतो आणि कमरेला दोर असतो. रिकाम्या घरात रडणाऱ्या पिल्लाचा दोर कुणीच धरलेला नसतो.

काही पिल्लं रडून थकतात आणि गप्प होतात, आणि घरच्यांना वाटतं जमलं. व्हिडिओ बघितला की दिसतं, ते दाराशी डोळे टक्क उघडे ठेवून पडलंय, धाप चालूच आहे. भीतीची उजळणी रोज केली की भीती पक्की होते.

मग सुरुवात कुठून करायची?

दारापासून, आणि सेकंदांपासून. हा भाग सावकाश वाचा.

आधी पिल्लू फिरून, शू-शी करून, थोडं खाऊन निवांत झालेलं असू द्या. जुन्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावा. आता मुख्य दाराशी जा, कडीला हात लावा, परत या, काही न बोलता पुस्तक उघडून बसा. पिल्लाने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली टेकवली, तर ठीक. ते उठून दाराशी आलं, तर त्याच्यासाठी कडीला हात लावणंच आत्ता पुरेसं अवघड आहे. तेवढंच करत राहा, जोवर त्याला त्याचं काही वाटेनासं होत नाही.

पुढची पायरी: दार उघडायचं, बंद करायचं, आपण आतच. मग बाहेर पाऊल टाकून लगेच आत. मग सेफ्टी डोअर लोटून एक श्वास, आत. मग लॅच लावून तीन सेकंद. लॅचचा 'खट' आवाज बऱ्याच पिल्लांना सगळ्यात जास्त बोचतो, त्यामुळे त्या एका पायरीवर आठवडा गेला तरी जाऊ द्या. त्यानंतर दहा सेकंद, चार सेकंद, पंधरा, दोन, वीस, असा वेळ खालीवर ठेवा. दर वेळी वाढतच गेला तर पिल्लाच्या लक्षात येतं की हे अवघड होत चाललंय, आणि ते आधीच ताणात येतं.

थांबायची खूण रडणं ही नाही. रडणं फार उशिरा येतं. त्याआधी जांभई येते, जीभ नाकावरून फिरते, पुढचा एक पाय उचलला जातो, कान दाराकडे वळून तिथेच अडकतात, ते बसल्या जागी उगाच अंग झटकतं. यांतलं काही दिसलं की आत जा, आणि पुढच्या वेळी त्याहून कमी वेळ ठेवा. औंधमधल्या एका घरातल्या शेवरी नावाच्या गावठी पिल्लाची खूण फक्त एवढीच होती की ती शेपटी पायांशी गुंडाळून घ्यायची. पहिल्या दोन दिवसांत ती कुणाच्या लक्षात आली नाही. लक्षात आल्यावर सराव तिच्या वेगाने सुरू झाला आणि पुढे ती अर्धा तास बाल्कनीच्या उन्हात झोपून काढायला लागली.

रोज एकदा, वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी. सुरुवातीची काही मिनिटं मिळवायला फार वेळ लागतो. तीस-चाळीस मिनिटं निवांत जमली की पुढची वाढ सहसा मोठ्या टप्प्यांनी होते. फ्लॅटमध्ये एक अडचण येते: तुम्ही दाराबाहेर उभे आहात हे त्याला वासाने कळतं. मिनिटभर जमलं की जिन्याने खाली उतरा, मग लिफ्ट बोलवा, मग गाडी सुरू करून गेटपर्यंत जा. प्रत्येक नवा आवाज ही नवी पायरी आहे, तेव्हा वेळ पुन्हा कमी करा.

चावी उचलली, हेल्मेट घातलं की लगेच धाप सुरू होते. त्याचं काय?

दार शांतपणे जमायला लागल्यावर या गोष्टी एकेक करून आत आणा. हेल्मेट घालून भाजी निवडायला बसा. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात अडकवून टीव्ही बघा. चावी खिशात घालून आंघोळीला जा. सगळ्या गोष्टी एकाच दिवशी नकोत, आणि दिवसभर चाव्या खुळखुळवत फिरू नका. तसं केलं तर बिचारं पिल्लू दिवसभर ताणात राहतं.

निघताना गुपचूप सटकू नका. 'येते हं' म्हणा आणि निघा. परत आल्यावर पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघायचंच नाही, असा एक सल्ला फिरत असतो. त्याची गरज नाही. खाली वाकून, हळू आवाजात भेटा.

पण ऑफिसला तर रोज जावंच लागतं. तोवर काय करायचं?

हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे, आणि याचं उत्तर मिळालं नाही तर वरचा सराव फुकट जातो. सकाळी वीस सेकंद शिकवायचे आणि मग नऊ तास बंद करून जायचं, यातून काही हाती लागत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे पिल्लू पूर्ण एकटं राहणार नाही अशी सोय करावी लागते. बहुतेक पिल्लांना माणूस हवा असतो, तुम्हीच हवेत असं नसतं. त्यामुळे माणसं जमवा. आजी-आजोबा महिनाभर येऊ शकतात का? स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या मावशींच्या वेळा मागेपुढे करून मधले तास भरता येतात का? त्यांना कुत्र्याची भीती नाही ना, हे आधी विचारा आणि जास्तीच्या वेळेचे पैसे द्या. वरच्या मजल्यावर अभ्यासाला शांत जागा शोधणारी कॉलेजची मुलगी असेल, निवृत्त जोडपं असेल, ज्यांनी आपलं कुत्रं गमावलंय आणि नवं घ्यायची हिंमत होत नाही. विचारल्याशिवाय ही माणसं सापडत नाहीत. दोघांपैकी एकाला सकाळची आणि दुसऱ्याला दुपारची शिफ्ट घेता आली तर तेवढे आठवडे घ्या. पुण्या-मुंबईत दिवसापुरतं कुत्रं सांभाळणाऱ्या जागा आहेत, तिथे आधी स्वतः तासभर बसून या आणि कुत्री मोकळी असतात की दिवसभर बांधलेली, हे डोळ्यांनी बघा. लसीकरण पूर्ण व्हायच्या आत मात्र अशा जागी नेऊ नका.

गाडीत ठेवून जाणं हा पर्याय नाही. आपल्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत जीवघेणी तापते, काच दोन बोटं खाली केली तरी.

आणि भीती पूर्ण गेल्यावरही लहान पिल्लाला शू तासन्‌तास धरता येत नाही. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांपलीकडे ताणू नका. मोठ्या कुत्र्यालाही चार-पाच तासांनंतर मध्ये कुणीतरी भेटायला हवं.

खेळण्यात खाऊ भरून ठेवला तर चालेल ना?

कंटाळ्यावर उत्तम. भीतीवर अर्धवट. खाऊ असेपर्यंत पिल्लू त्यात गुंगतं, संपला की मान वर करतं आणि त्याला कळतं की घर रिकामं आहे. काही दिवसांनी तो खाऊच 'आता हे जाणार' याची खूण होतो. म्हणून दाराचा सराव खाऊशिवाय करा. खाऊ तुम्ही घरात असताना द्या, म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरात आणि ते बाहेरच्या खोलीत आपल्या गोधडीवर, असं थोडं अंतर त्याला आवडायला लागतं. जाड रबरी पोकळ खेळण्यात दहीभात, उकडलेला लाल भोपळा, चिकनचे बारीक तुकडे भरून गोठवले की बराच वेळ पुरतं. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कधीच नको. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल हे गोड घटकद्रव्य नाही ना ते वाचा, ते कुत्र्याला विषारी आहे. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या काचेसारख्या टोकदार कपच्या उडतात.

पिंजऱ्यात ठेवलं तर निदान नासधूस तरी होणार नाही?

नासधूस थांबेल, पण पिल्लू जखमी होईल. घाबरलेली कुत्री जाळी चावून दात तोडतात, नखं उखडतात. ज्या पिल्लाला पिंजरा उघडा असताना आपणहून आत जाऊन झोपायला आवडतं, त्याच्यासाठी तो असू द्या. पण एकटेपणाची भीती असेल तर दार लावू नका. बाथरूममध्ये कोंडणं आणि बाल्कनीत साखळीने बांधणं तर मुळीच नको. कठड्यावरून उडी मारून किंवा साखळीत अडकून कुत्री दगावली आहेत.

दुसरं कुत्रं आणलं तर याला सोबत होईल?

झाली तर नशीब. बहुतेक वेळा ओढ माणसाची असते, आणि मग घरात रडणारी कुत्री दोन होतात.

नसबंदी केल्यावर कमी होईल का?

या भीतीवर तो इलाज नाही. नसबंदीची कारणं वेगळी आहेत आणि ती आपल्या जागी योग्य आहेत.

टीव्ही किंवा रेडिओ लावून ठेवू का?

लिफ्टचा, जिन्याचा आवाज झाकायला चालेल. मात्र तुम्ही घरात असतानाही लावत जा.

भुंकलं की झटका देणारा किंवा फवारा मारणारा पट्टा मिळतो. तो वापरू का?

नका वापरू. पिल्लू भीतीने ओरडतंय आणि ओरडल्याबद्दल त्याला इजा होतेय, याचा अर्थ त्याने काय लावायचा? आवाज बंद झाला तरी भीती तिथेच राहते, आणि मग ती पंजे चावून सोलून काढण्यात किंवा घरात शू करण्यात बाहेर पडते.

औषध द्यावं लागेल का? औषधाने ते सुस्त पडून राहील अशी भीती वाटते.

सगळ्यांना लागत नाही. पण ज्या कुत्र्याला पाच सेकंदही सहन होत नाहीत, जे स्वतःला इजा करतंय, त्याला औषध न देणं मला निर्दयपणाचं वाटतं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या याच त्रासासाठी क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता दिली, आणि दोन्ही वेळी वर्तणुकीच्या सरावाच्या जोडीनेच. ही औषधं सहा महिन्यांवरच्या कुत्र्यांसाठी आहेत. त्यांचा परिणाम लगेच दिसत नाही, फ्लुओक्सेटिनला तर चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. सुरुवातीला भूक मंदावणं किंवा थोडी मरगळ दिसू शकते, ती डॉक्टरांना सांगा. डोस बरोबर बसला की कुत्रं खेळतं, खातं, आणि शिकवलेलं त्याच्या डोक्यात शिरायला लागतं. औषध मनाने अचानक बंद करायचं नाही.

कुणी नुसतं एसिप्रोमाझिन हे गुंगीचं औषध दिलं तर प्रश्न विचारा. त्याने शरीर जड होतं, पण आतली भीती जात नाही. आणि घरातली माणसांची झोपेची गोळी कुठल्याही परिस्थितीत देऊ नका.

सोसायटीची नोटीस आली आहे. कुत्रं काढून टाकावं लागेल का?

नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही, आणि भुंकणं हे त्यासाठी कारण होऊ शकत नाही. त्याच सूचनांमध्ये मालकांनी कुत्र्याच्या सततच्या आवाजाचा इतरांना, विशेषतः रात्री, त्रास होणार नाही हे बघावं असंही म्हटलंय.

नियमाचा कागद दाखवायच्या आधी शेजारच्या घरी जा. तिथे दहावीची मुलगी असेल, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस असेल. त्यांना सांगा: 'काकू, तुम्हाला त्रास होतोय ते मला कळतंय. आम्ही शिकवणं सुरू केलंय, वेळ लागेल. ओरडायला लागलं की मला लगेच मेसेज करा, म्हणजे किती वाजता सुरू झालं ते मला कळेल.' तुम्हाला माहिती मिळते आणि काकूंना कळतं की कुणीतरी ऐकतंय. सेक्रेटरींनाही हेच लेखी द्या.

छान जमत होतं, दिवाळीनंतर सगळं बिघडलं. आता?

दिवाळी, गणपतीतले ढोल-ताशे, मे महिन्यात पंधरा दिवस सगळे घरी किंवा गावी, आजारपण, यानंतर कुत्रं मागे जातं. चाळीस मिनिटांवर होता तर पाच मिनिटांपासून पुन्हा सुरू करा. शिकलेलं सगळं पुसलेलं नसतं, त्यामुळे दुसऱ्या खेपेला गाडी लवकर पुढे जाते. फटाक्यांच्या दिवसांत मात्र एकटं ठेवूच नका, आणि आवाजाची भीती वेगळी असेल तर तिच्यासाठी दिवाळीच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा.

एकूण किती वेळ लागतो?

साधं भित्रं पिल्लू काही आठवड्यांत वळणावर येतं. जास्त घाबरणाऱ्याला काही महिने लागतात, क्वचित वर्षही. प्रगती सरळ होत नाही. म्हणून तारीख, किती वेळ ठेवलं, काय खूण दिसली, एवढं वहीत लिहा. मंगळवारी खचून जायला होतं तेव्हा मागच्या महिन्याचं पान उलटून बघता येतं.

ट्रेनर किंवा डॉक्टर निवडताना काय बघावं?

ट्रेनरला एकच विचारा: 'सरावाच्या वेळी ते घाबरलं तर तुम्ही काय करता?' 'वेळ कमी करतो' असं उत्तर आलं तर पुढे बोला. 'तुम्ही त्याच्यावर मालकी दाखवत नाही म्हणून असं होतंय' असं कुणी म्हणालं, किंवा पिल्लू महिनाभर आमच्याकडे सोडा, शिकवून परत देतो म्हणालं, तर नमस्कार करून निघा. पिल्लाला तुमच्या घरात, तुमच्या दारामागे राहायला शिकायचंय.

डॉक्टरांकडे जाताना एकट्या वेळेचा पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ न्या, लसीकरणाचं कार्ड न्या, खाणं-शू-शीच्या वेळा लिहून न्या. दवाखान्यात पिल्लू तुमच्यासोबत असतं, त्यामुळे तिथे ते अगदी शहाण्यासारखं वागतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. व्हिडिओ आधी दाखवा, मग बोला.